हात ऐकेनासे होतात तेव्हा

आज आपण हातांबद्दल बोलणार आहोत. सकाळी उठल्यापासून रात्री अंथरूण घालेपर्यंत आपले हात किती कामं करतात, हे आपण कधी मोजत नाही. गाईची धार काढायची, पीठ मळायचं, भाकरी थापायची, पोरीची वेणी घालायची, निऱ्या काढायच्या, खुरपं धरायचं, कापूस वेचायचा आणि गटाच्या बैठकीत वहीवर सही करायची. हातांना काही सांगावं लागत नाही, ते आपलं आपण करत राहतात.

पण एखादीच्या बाबतीत हे हळूहळू बिघडायला लागतं. हातातून वाटी निसटते. ब्लाऊजचे हुक लागत नाहीत. सुईत दोरा ओवता येत नाही. तांदूळ निवडताना खडा दिसतो, पण चिमटीत येत नाही. घरातले म्हणतात, "लक्ष कुठं असतं तुझं?" शेजारीण म्हणते, "कामाचा कंटाळा, दुसरं काय!" वय असतं पंचवीस-तीस, बाई दिसायला धडधाकट. त्यामुळे तिला काही दुखणं असेल असं कुणाच्या मनातही येत नाही.

याची कारणं अनेक असू शकतात. त्यातलं एक कारण आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही. त्या आजाराचं नाव मल्टिपल स्क्लेरोसिस. डॉक्टर त्याला थोडक्यात एमएस म्हणतात. आज त्याचीच माहिती घेऊ.

आजार आहे तरी काय?

विहिरीवरच्या मोटारीची केबल डोळ्यांपुढे आणा. आत तांब्याची तार असते आणि वर प्लास्टिकचं आवरण. उंदरानं ते आवरण कुरतडलं तर तार जागेवर असली तरी मोटार नीट चालत नाही. कधी चालते, कधी अडखळते, कधी बंदच पडते.

आपल्या मेंदूतून आणि पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूतून निरोप नेणाऱ्या तंतूंवरही असंच एक आवरण असतं. त्याला मायलिन म्हणतात. एमएसमध्ये हे आवरण जागोजागी खराब होतं. ते खराब करणारा बाहेरचा कुणी नसतो. रोगजंतूंशी लढायला शरीराची जी स्वतःची फौज असते, तीच चुकून आपल्या माणसावर उलटते. राखणीला ठेवलेल्या कुत्र्यानं घरच्याच कोंबड्या धराव्यात, तसं हे होतं. वारंवार किंवा जास्त इजा झाली की आवरणाबरोबर आतली तारही खराब होते.

हा आजार १८६८ साली फ्रान्समधल्या जाँ-मार्तँ शार्को या डॉक्टरांनी पहिल्यांदा नीट वर्णन करून वेगळा ओळखला. २०२० मधल्या अंदाजानुसार जगात सुमारे २८ लाख लोकांना तो आहे. तो बहुतेक वेळा २० ते ४० या वयात सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा बायकांमध्ये दुपटीहून जास्त आढळतो. म्हणजे ज्या वयात बाईच्या अंगावर लहान मुलं, शेत आणि घर सगळंच असतं, नेमक्या त्या वयात तो येतो.

हा आजार संसर्गाचा नाही. एका ताटात जेवल्यानं, एकत्र झोपल्यानं किंवा हात धरल्यानं तो होत नाही. तो करणीनं होत नाही आणि बाहेरची बाधाही नसते. आईला आहे म्हणून मुलीला होणारच, असंही नाही. जवळच्या नात्यात धोका थोडा वाढतो, पण बहुतेक मुलांना हा आजार होत नाही.

हातात नेमकं काय बिघडतं?

"हात चालत नाही" असं आपण एका वाक्यात म्हणतो. पण त्यामागे पाच वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात, आणि प्रत्येकीवरचा उपाय वेगळा असतो. म्हणून त्या वेगळ्या ओळखायला हव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे बधिरपणा. हाताला मुंग्या येतात, जाड हातमोजा घातल्यासारखं वाटतं. हातात ताकद असते, पण काय धरलंय आणि किती घट्ट धरलंय ते कळत नाही. मग वस्तू निसटू नये म्हणून बाई ती गरजेपेक्षा जास्त आवळून धरते, आणि हात लवकर थकतो. डोळ्यांनी बघत असताना काम जमतं. नजर हटली की पेला पडतो.

दुसरी गोष्ट म्हणजे अशक्तपणा. डब्याचं झाकण उघडत नाही, कपडे पिळता येत नाहीत, भरलेली कळशी उचलत नाही.

तिसरी गोष्ट कापरं. हे कापरं हात मांडीवर स्वस्थ ठेवलेला असताना सहसा नसतं. वस्तू घ्यायला हात पुढे केला की सुरू होतं, आणि वस्तू जवळ येईल तसं वाढतं. चहाचा कप उचलला तोवर ठीक असतं, ओठांजवळ येताना तो हिंदकळतो.

चौथी गोष्ट ताठरपणा. बोटं आखडतात, मूठ लवकर उघडत नाही, मनगट कडक होतं.

पाचवी गोष्ट थकवा. हा आपल्या नेहमीच्या दमण्यासारखा नसतो. सकाळी पाच भाकऱ्या सहज थापणाऱ्या बाईला दुपारी एक भाकरी थापता येत नाही. सकाळी पाहणाऱ्याला वाटतं ही बरी आहे, दुपारी पाहणाऱ्याला वाटतं ही ढोंग करते. वास्तविक दोन्ही वेळा ती खरीच असते.

एकाच बाईला यातल्या दोन-तीन गोष्टी एकत्र असू शकतात, आणि दोन्ही हातांना सारखा त्रास असेलच असं नाही.

ऊन, ताप आणि चूल

एमएस असलेल्या बऱ्याच जणांचा त्रास शरीर तापलं की वाढतो. भर उन्हातली खुरपणी, चुलीपुढची धग, कढत पाण्याची आंघोळ किंवा साधा ताप यांपैकी कशानंही हात अचानक जास्त बधिर किंवा ढिले पडतात. आवरण गेलेली तार गरम झाली की निरोप आणखी अडतो, म्हणून असं होतं. अंग थंड झालं की हात पुन्हा पूर्वीइतके चालू लागतात. यात नवी इजा झालेली नसते, हे घरच्यांनाही सांगून ठेवा, म्हणजे घाबरगुंडी उडत नाही.

म्हणून हाताची कामं सकाळच्या थंड वेळी उरकावीत. आंघोळीला कोमट पाणी घ्यावं. मानेवर ओला रुमाल ठेवावा. ताप आला किंवा लघवीला जळजळ झाली तर त्यावर लगेच उपचार घ्यावेत, कारण लघवीच्या जंतुसंसर्गानंही हातापायांचा त्रास वाढतो.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

हाताला मुंग्या आल्या म्हणजे एमएसच झाला असं मुळीच नाही. मधुमेह, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, मानेच्या मणक्यांचा त्रास, मनगटात दबलेली नस ही कारणं कितीतरी जास्त वेळा आढळतात. बधिर चट्टा असेल तर कुष्ठरोगाचीही तपासणी करावी लागते. यातल्या बहुतेक गोष्टींवर चांगले उपचार आहेत, पण त्यासाठी आधी तपासणी व्हायला हवी.

ताप नसताना हातापायांचा नवा बधिरपणा किंवा अशक्तपणा चोवीस तासांपेक्षा जास्त टिकला तर डॉक्टरांना दाखवा. एका डोळ्यानं धूसर दिसणं आणि डोळा हलवताना दुखणं, मान खाली घातली की पाठीतून विजेचा झटका जाणं, छातीला किंवा कमरेला पट्टा आवळल्यासारखं वाटणं, लघवीवर ताबा न राहणं, हेही डॉक्टरांना सांगा. यातलं काही पूर्वी होऊन आपोआप बरं झालं असेल तरी सांगा, कारण एमएस बऱ्याचदा येतो, जातो आणि पुन्हा येतो.

पण काही मिनिटांत एक हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर तो अर्धांगवायूचा झटका असू शकतो. तेव्हा वाट बघू नका. लगेच १०८ ला फोन करा.

एमएसचं निदान मेंदूरोगतज्ज्ञ करतात. त्यासाठी तपासणी, मेंदूचा आणि मज्जारज्जूचा एमआरआय, आणि काही वेळा पाठीतलं पाणी तपासावं लागतं. प्राथमिक आरोग्य केंद्रातून जिल्हा रुग्णालय किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चिठ्ठी घेऊन जाता येतं.

आजार मुळापासून बरा करणारं औषध आज नाही. पण नवा झटका आला तर स्टिरॉइडच्या औषधांनी तो लवकर ओसरतो, आणि पुढचे झटके कमी करणारी औषधंही आहेत. ती जितक्या लवकर सुरू होतील तितकं हातापायांचं पुढचं नुकसान टळण्याची शक्यता वाढते. औषध मनानं बंद करू नका. मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, कारण काही औषधं गरोदरपणात चालत नाहीत. एमएस असलेल्या बाईला मूल होऊ शकतं. गरोदरपणात झटके सहसा कमी होतात, पण बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत ते वाढू शकतात. त्या काळात तिला घरात जास्त हात लागतील, याची तयारी आधीच करावी.

खुंट्यांची चाचणी

हात किती चालतो हे मोजायची एक साधी चाचणी जगभर वापरतात. एका लहान पाटीवर नऊ छिद्रं आणि शेजारी नऊ बारीक खुंट्या असतात. एका हातानं एकेक खुंटी उचलून छिद्रात घालायची, मग एकेक काढून परत ठेवायची. किती सेकंद लागले ते घड्याळावर मोजतात. असं दोन्ही हातांचं दोनदोनदा करतात. निरोगी तरुण माणसाला साधारण २० सेकंद लागतात. एखादीचा वेळ पहिल्यापेक्षा २० टक्क्यांनी वाढला, म्हणजे ३० सेकंदांचे ३६ झाले, तर डॉक्टर तो बदल गांभीर्यानं घेतात.

निदान झालेल्या बाईनं घरीसुद्धा अशी नोंद ठेवावी. वालाचे किंवा राजम्याचे दहा दाणे एका ताटलीतून वाटीत टाकायचे आणि मोबाईलच्या घड्याळावर वेळ बघायची. महिन्यातून एकदा, दिवसाच्या त्याच वेळी, दोन्ही हातांनी. आकडे वहीत लिहायचे. याच्या जोडीला कोणती कामं जमेनाशी झाली तेही लिहायचं: "हुक लावायला मदत लागली", "पेन निसटलं". दवाखान्यात पाच मिनिटांत सगळं आठवत नाही, तेव्हा ही वही बोलते. मात्र या खेळावरून कुणी स्वतःचं निदान करू नये. तो फक्त कमीजास्त कळण्यासाठी आहे.

सराव आणि युक्त्या

हाताच्या कामाचं प्रशिक्षण देणाऱ्या तज्ज्ञांना ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणतात. भारतात हे शिक्षण सुरू करणारी एक बाईच होती. अमेरिकेत जन्मलेल्या आणि लग्नानंतर निंबकरांच्या मराठी घरात आलेल्या कमलाबाई निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात या विषयाची देशातली पहिली शाळा सुरू केली. आज मोठ्या सरकारी रुग्णालयांत हे तज्ज्ञ भेटतात. एकदा तरी त्यांना हात दाखवावा.

त्यांचा पहिला सल्ला असतो की हात वापरत राहा. त्रास होतो म्हणून एक हात बाजूला ठेवला की तो आणखी मागे पडतो. दिवसातून दोन-तीनदा दहा-दहा मिनिटं कणकेचा गोळा दाबणं, शेंगा सोलणं, दाणे निवडणं, रुमालाच्या घड्या घालणं, असा सराव करावा. बोटं आखडत असतील तर दुसऱ्या हातानं हलकेच सरळ करून थोडा वेळ तशीच धरावीत. दुखेपर्यंत किंवा थकून गळेपर्यंत मात्र करू नये.

आता स्वयंपाकघरात येऊ.

हात बधिर असेल तर सगळ्यात मोठा धोका भाजण्याचा आणि कापण्याचा. पाणी किती गरम आहे ते बधिर हातानं बघू नका, चांगल्या हातानं किंवा कोपरानं बघा. सांडशीनं पातेलं उचलण्यापेक्षा दोन कानांचं भांडं दोन्ही हातांनी जाड कापडानं धरा. रोज रात्री उजेडात दोन्ही हात नीट पाहा, कारण लागलेलं किंवा भाजलेलं कळलेलं नसतं. काम करताना नजर हातावर ठेवा.

कापरं असेल तर विळी बाजूला ठेवलेली बरी. जाड मुठीची सुरी घ्या. लाकडी फळीला खालून दोन स्टीलचे खिळे ठोकून त्यांची टोकं वर काढली, की कांदा-बटाटा त्यात रोवून बसतो आणि धरायला हात लागत नाही. काम झालं की त्या टोकांवर झाकण घालायला विसरू नका. कोपर टेबलावर किंवा अंगाशी टेकवून काम केलं की कापरं कमी जाणवतं. कप अर्धाच भरा.

पकड कमी असेल तर दांडे जाड करा. चमचा, कालथा, पेन यांच्यावर कापडाची पट्टी गुंडाळा किंवा सायकलच्या हँडलची रबरी मूठ बसवा. परातीखाली ओलं फडकं ठेवलं की परात सरकत नाही. भाकरी लहान करा, प्लास्टिकच्या कागदावर थापा. गोल नळाऐवजी लांब दांड्याची तोटी बसवून घ्या.

कपड्यांसाठी हुकांच्या जागी चिकटपट्टी लावता येते. गटात शिवणकाम करणारी कुणी असेल तर तिला हे काम अर्ध्या तासाचं आहे. निऱ्या शिवून तयार ठेवलेली साडी नेसायला सोपी जाते. जो हात जास्त अवघडलेला आहे तो बाहीत आधी घालायचा आणि काढताना शेवटी काढायचा.

थकव्यासाठी आपल्या गटाचाच हिशेब वापरा. महिन्याची शिल्लक पहिल्याच आठवड्यात खर्च केली तर पुढे काय? हातांच्या शक्तीचंही तसंच आहे. महत्त्वाचं काम आधी, बसून, मध्ये थांबत. कपडे आणि दळण एकाच दिवशी नको. पूर्ण थकायच्या आधी विश्रांती घ्यायची.

सही, अंगठा आणि कागदपत्रं

हात थरथरला की सही बदलते. मग बँकेत "सही जुळत नाही" म्हणून परत पाठवतात, आणि बाईचा स्वतःचा पैसा तिच्यापासून दूर जातो. इथे एक नियम माहीत हवा. आजारपणामुळे सही करता येत नसेल तर हाताच्या अंगठ्याचा किंवा पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो. त्याला दोन साक्षीदार लागतात आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. रिझर्व्ह बँकेची तशी सूचना आहे. तेव्हा "हिच्या जागी नवऱ्याचं नाव टाकू" म्हणण्याआधी हे विचारा.

दुसरी गोष्ट. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि त्यात मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव आहे. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर प्रमाणपत्रावर बऱ्याच सवलती आणि योजनांसाठी अर्ज करता येतो. प्रमाणपत्र आणि वैश्विक ओळखपत्र म्हणजे यूडीआयडी कार्ड यासाठी ऑनलाइन अर्ज करून सरकारी रुग्णालयात तपासणीला जावं लागतं. जाताना एमआरआयचे कागद, औषधांच्या चिठ्ठ्या आणि मघाची ती वही बरोबर न्या. त्या दिवशी सकाळी हात बरा चालत असेल तरी दुपारी काय होतं तेही सांगा.

या आजाराच्या लोकांसाठी मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९८५ पासून काम करते. मुंबई आणि पुण्यात तिच्या शाखा आहेत.

गटानं काय करावं?

आपल्या गटात अशी एखादी बाई असेल तर दोन चुका होऊ शकतात. एक म्हणजे तिला आळशी म्हणणं. दुसरी चूक प्रेमापोटी होते. "दे इकडं, मी करते" म्हणत तिच्या हातातलं प्रत्येक काम काढून घेतलं जातं. काम गेलं की सराव जातो, मग हात आणखी बिघडतो. त्याबरोबर घरातला तिचा मानही जातो. काही बायकांना तर "हिच्यानं काही होत नाही" म्हणून माहेरी पाठवून दिलं जातं. म्हणून आधी विचारावं, "मदत करू का? कुठल्या कामाला?" आणि ती करत असेल तर वेळ द्यावा. हुक लावायला पाच मिनिटं लागली तर लागू द्यावीत.

गटातली तिची जागा तशीच ठेवावी. लिहिता येत नसेल तर ती हिशेब तोंडी सांगेल, दुसरी लिहील. पापडाच्या कामात लाटणं जमत नसेल तर वजन, मोजदाद, गिऱ्हाइकांशी बोलणं तिच्याकडे द्यावं. मोबाईलवर मराठीत बोललं की ते आपोआप लिहिलं जातं, हे तिला एखाद्या शाळकरी मुलीनं शिकवावं. बैठक दुपारच्या उन्हात न ठेवता सकाळी ठेवावी. तपासणीला जाताना एकीनं तिच्याबरोबर जावं. यातल्या कशालाच मोठा खर्च नाही.

पुढच्या बैठकीत एक गोष्ट करून बघा. प्रत्येकीनं हातात दोन जाड हातमोजे एकावर एक घालावेत आणि ब्लाऊजचा हुक लावायचा, तांदळातला खडा उचलायचा आणि वहीत नाव लिहायचा प्रयत्न करावा. हसू येईल, मग राग येईल, आणि पाच मिनिटांनी हातमोजे काढून ठेवावेसे वाटतील. जिला ते काढता येत नाहीत, तिच्याशी उद्यापासून कसं बोलायचं, ते त्याच बैठकीत ठरवा.

तुमच्या ओळखीत कुणाचे हात असे अडखळत असतील तर ही माहिती तिच्यापर्यंत पोचवा, आणि तिला एकटीला दवाखान्यात पाठवू नका.